लहान शब्दांची करामत



आमचे अंथुर्णे हे गाव पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. चहूकडे उसाची शेते आहेत. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच रस्त्याने पंढरपूरला जाते. सणसरचा मुक्काम आटोपून ती निघते, वाटेत बेलवाडीला रिंगण होते आणि रात्री पालखी आमच्या गावात विसावते.

आता या एका गावाच्या नावाकडे नीट लक्ष द्या. पालखी अंथुर्ण्याला येते. ती अंथुर्ण्यात मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी ती अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडे निघते. बारामती-इंदापूर एस.टी. अंथुर्ण्यावरून जाते. गाव एकच आहे आणि ते जागचे हललेले नाही. तरीही कोण आले, कोण थांबले, कोण निघाले आणि कोण न थांबता पुढे गेले, हे आपल्याला लगेच कळते. 'ला', 'त', 'हून', 'वरून' या चार लहानशा अक्षरसमूहांनी हे सगळे काम केले.

उर्दूत अशा शब्दांना तुम्ही 'हुरूफे जार' म्हणता. 'में', 'पर', 'से', 'को', 'तक' ही तुमची रोजची मंडळी. मराठीत हेच काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. इंग्रजीत त्यांना प्रिपोझिशन म्हणतात. उर्दू आणि मराठीत हे शब्द नामाच्या मागून चालतात: 'घर में', 'घरात'. इंग्रजीत ते नामाच्या पुढे चालतात: 'इन द हाउस'. ही पुढे चालण्याची रीतसुद्धा तुम्हांला अगदी परकी नाही. उर्दूत तुम्ही 'दर हकीकत' म्हणता. त्यातला फारसी 'दर' म्हणजे 'में'. आणि तो नामाच्या आधीच उभा आहे.

तेव्हा या लहान शब्दांची ओळख तुम्हांला आहेच. अडचण येते ती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना.

उर्दूतील 'से' हा शब्द घ्या. तो फार कष्टाळू आहे. 'मैं पुणे से आया', 'मैं ने कलम से लिखा', 'मैं ने उस्ताद से पूछा', 'मैं ने दोस्त से बात की', 'वह मुझ से बड़ा है', 'पीर के दिन से स्कूल खुलेगा', 'उस ने खिड़की से देखा'. सात वाक्ये आणि सगळीकडे 'से'. आता हीच वाक्ये मराठीत सांगून पाहा. मी पुण्याहून आलो. मी लेखणीने लिहिले. मी गुरुजींना विचारले. मी मित्राशी बोललो. तो माझ्यापेक्षा मोठा आहे. सोमवारपासून शाळा सुरू होईल. त्याने खिडकीतून पाहिले. एका 'से'च्या जागी मराठीत सात निरनिराळी रूपे आली. 'हून', 'ने', 'ना', 'शी', 'पेक्षा', 'पासून', 'तून' या सर्वांनी 'से'चे काम आपापसांत वाटून घेतले आहे.

म्हणूनच उर्दू माध्यमाचा विद्यार्थी घाईत 'मी गुरुजींपासून विचारले' असे लिहून जातो. तोच विद्यार्थी इंग्रजीच्या वहीत 'आय आस्क्ड फ्रॉम माय टीचर' असे लिहितो. खरे तर इंग्रजीत 'आस्क' या क्रियापदाला तेथे कोणताच सोबती लागत नाही. 'आय आस्क्ड माय टीचर' एवढे पुरे होते. विद्यार्थ्याला क्रियापद ठाऊक होते, त्याचा सोबती मात्र त्याने दुसऱ्या घरातून आणला.

इथवर लहान शब्दांनी फक्त नाते बदलले. पण कधी कधी ते त्याहून मोठी करामत करतात. ते क्रियापदाचा अर्थच बदलून टाकतात.

मराठीतील 'अंग' आणि 'येणे' हे दोन साधे शब्द घ्या. 'बैल अंगावर आला' म्हणजे तो मारायला धावला. 'चेष्टा अंगाशी आली' म्हणजे चेष्टा करणाऱ्यालाच तिचे फळ भोगावे लागले. 'सरावाने कौशल्य अंगी येते' म्हणजे ते आपल्याला साध्य होते. अंग तेच, येणे तेच. पण 'वर' म्हटले की पळावे लागते, 'शी' म्हटले की पस्तावावे लागते आणि 'ई' लागली की शाबासकी मिळते! तसेच 'हाताला लागले' म्हणजे हाताला इजा झाली आणि 'हाती लागले' म्हणजे हवी असलेली वस्तू मिळाली. एकात दुःख आहे, दुसऱ्यात आनंद.

तुम्ही म्हणाल, 'सर, हे सगळे व्याकरणाच्या तासाला ठीक आहे. एखादा प्रत्यय चुकला तर काय होणार? फार तर अर्धा गुण जाईल.' तसे नाही, मित्रांनो. माझ्या एका विद्यार्थ्याची हकीकत ऐका.

आमच्या भागात कालव्याचे पाणी पाळीने मिळते. पाळी आली की शेतकऱ्याला रात्री-अपरात्री शेतावर जाऊन दारे धरावी लागतात. या मुलाचे वडील आणि त्यांचे शेजारी यांच्या शेताला बांध लागून बांध आहे. मुलगा शेजाऱ्यांना काका म्हणतो. आधी पाणी कोणी घ्यायचे, यावर एका संध्याकाळी दोघांचे बांधावर सविस्तर बोलणे झाले. सगळे समजुतीने ठरले आणि काका तेथूनच रात्रीची दारे धरायला गेले. ते घरी आलेच नाहीत. सकाळी हा मुलगा शेजारी गेला आणि मोठ्या आनंदाने म्हणाला, 'काकी, काल अब्बा काकांना खूप बोलले.'

काकींचा चेहरा उतरला. 'ह्यांना बोलले? कशापायी?' एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. रोज सकाळी काकींच्या घरून मुलाच्या घरी ताक जाई. त्या दिवशी ताक गेले नाही. मुलाच्या अम्मीने दारातून हाक मारली, तिलाही उत्तर मिळाले नाही.

मुलाच्या मनात काय होते? त्याला 'अब्बा ने चाचा से बहुत बात की' असे म्हणायचे होते. घरी बोलताना तो 'चाचा को बोले' असेही म्हणतो. तोच 'को' त्याने मराठीत 'ना' करून आणला. पण आमच्या मराठीत 'काकांशी बोलले' म्हणजे गप्पा झाल्या, आणि 'काकांना बोलले' म्हणजे काकांना रागावले, दोष दिला. शहरात काही ठिकाणी 'मी त्याला बोललो' हे 'मी त्याला सांगितले' या अर्थानेही ऐकू येते. गावातील काकींनी मात्र आपल्या मराठीप्रमाणे अर्थ घेतला. त्यात त्यांचे काय चुकले?

दुपारी काका घरी आले तेव्हा उलगडा झाला. 'मला कोण बोललं? आम्ही तर चांगल्या दोन तास गप्पा मारल्या,' असे म्हणून ते हसू लागले. संध्याकाळी ताकही गेले. पण काका त्या दिवशी तसेच परगावी गेले असते तर? पाण्यावरून बांधाबांधाला वैर झालेले आपण ऐकतो. येथे वैराचे काही कारणच नव्हते. 'शी'च्या जागी 'ना' आला होता, एवढेच.

दुसरे उदाहरण तर याहूनही सावध करणारे आहे, कारण त्यात शब्दही तोच आहे. उर्दूत तुम्ही मित्राची समजूत घालताना म्हणता, 'दिल पर मत लो.' म्हणजे वाईट वाटून घेऊ नको. मराठीतही 'त्याचे बोलणे मनावर घेऊ नको' असे म्हणतात. येथे दोन्ही भाषा जुळल्या. पण तुमचे मराठीचे शिक्षक जेव्हा म्हणतात, 'यंदा अभ्यासाचे मनावर घे,' तेव्हा अभ्यासाचे दुःख मानून बस, असे ते सांगत नाहीत. मनाशी पक्का निश्चय कर, असे ते सांगत असतात. 'दिल पर' आणि 'मनावर' हे जुळ्या भावांसारखे दिसतात, पण प्रत्येक वेळी एकाच घरी जात नाहीत. शब्दाला शब्द जुळला म्हणजे अर्थाला अर्थ जुळलाच, असे समजू नये.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीत ही करामत फारच मोठ्या प्रमाणावर चालते. 'लुक' म्हणजे पाहणे, हे तुम्ही लहानपणीच पाठ केले आहे. पण 'लुक ॲट' म्हणजे एखाद्या वस्तूकडे पाहणे, 'लुक फॉर' म्हणजे ती शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे तिची काळजी घेणे आणि 'लुक इन्टू' म्हणजे एखाद्या प्रकरणाची चौकशी करणे. शेळी हरवली तर आपण तिला 'लुक फॉर' करतो. ती सापडली की तिला 'लुक आफ्टर' करतो. ती कोणी सोडली, याची चौकशी म्हणजे 'लुक इन्टू'. नुसते 'लुक' पाठ असणारा विद्यार्थी या तिन्ही वेळी शेळीकडे पाहतच उभा राहील!

'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑन' म्हणजे कपडे अंगावर घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे काम पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे आग किंवा दिवा विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. 'गिव्ह' म्हणजे देणे. पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे आणि 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे.

काकांच्या घरी घडला तसा प्रकार इंग्रजीतही घडू शकतो. 'शाउट टू' म्हणजे दूरच्या माणसाला ऐकू जावे म्हणून मोठ्याने सांगणे. 'शाउट ॲट' म्हणजे त्याच्यावर रागाने ओरडणे. चेंडू 'थ्रो टू' केला तर समोरच्याने तो झेलावा अशी इच्छा असते. 'थ्रो ॲट' केला तर तो त्याला लागावा अशी इच्छा असते. 'टू'मध्ये देणे आहे, 'ॲट'मध्ये नेम आहे. आपल्या 'शी बोलणे' आणि 'ला बोलणे' यांची आठवण होते की नाही?

तुम्हांला वाटेल, इंग्रजांनी ही काय विचित्र रीत काढली! पण आपल्याकडे याचा आणखी एक भाऊबंद आहे. तो तुम्ही दिवसातून पन्नास वेळा वापरता. आई म्हणते, 'दूध पी.' थोड्या वेळाने म्हणते, 'दूध पिऊन टाक.' उर्दूत म्हणतात, 'दूध पी जाओ.' 'टाक' आणि 'जाओ' येथे काय करतात? दूध टाकायचे नाही आणि कोठे जायचेही नाही. पेला रिकामा कर, थेंबही ठेवू नको, एवढेच त्यातून सुचवायचे असते. इंग्रज आई हेच काम 'अप'कडून करून घेते: 'ड्रिंक अप युवर मिल्क.' 'बैठो' आणि 'बैठ जाओ' यांतला फरक तुम्हांला कोणी समजावून सांगावा लागला नाही. आपण क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडतो, इंग्रजी माणूस लहानसा शब्द जोडतो.

ही इंग्रजीची वाट अवघड आहे, हे इंग्रजांनाही ठाऊक होते. सॅम्युएल जॉन्सन या विद्वानाने 1755 साली इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश प्रकाशित केला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने मुद्दाम नमूद केले की, क्रियापदाला लहान शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परक्या माणसाला सर्वांत जास्त अडचणीची वाटते. म्हणून त्याने अशी अनेक जोडरूपे काळजीपूर्वक टिपून कोशात दिली. पुढे अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' असे नाव रूढ झाले.

आपल्या महाराष्ट्रालाही शब्दकोशांची मोठी परंपरा आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश 1831 साली मुंबईत निघाला आणि 1857 साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 सालचे. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली त्या वेळच्या औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, प्रकाशित झाला. तीन भाषांमधले पूल बांधण्याचे काम याच मातीत झालेले आहे.

मग शब्दकोश कसा वापरावा? 'लुक' हा शब्द काढला, 'देखना' हा अर्थ वाचला आणि कोश मिटला, असे करू नका. त्याच शब्दाच्या खाली बोट फिरवत जा. तेथे 'लुक आफ्टर', 'लुक फॉर' अशी मंडळी रांगेत उभी असतात. वाक्यातील शब्दाला जो सोबती असेल, त्याच्यापाशी थांबा.

मात्र सोबती खरोखर क्रियापदाचा आहे की नुसता शेजारी उभा आहे, हे ओळखता आले पाहिजे. औषधाच्या पाकिटावर लिहिलेले असते, 'टेक आफ्टर फूड.' म्हणजे जेवणानंतर घ्या. येथे 'आफ्टर' हा 'फूड'चा सोबती आहे. त्याचा अर्थ साधा, 'नंतर' एवढाच. पण 'ही टेक्स आफ्टर हिज फादर' म्हणजे 'तो वडिलांवर गेला आहे', त्याचे रूप किंवा स्वभाव वडिलांसारखा आहे. येथे 'आफ्टर'ने 'टेक'शी जोडी जमवली आणि दोघांनी मिळून नवा अर्थ तयार केला. गंमत म्हणजे मराठीतही आपण 'वडिलांवर गेला' असेच म्हणतो. म्हणजे 'जाणे' या क्रियापदानेही 'वर'च्या सोबतीने आपला अर्थ बदलला! सुटे सुटे अर्थ लावून वाक्य जुळत नसेल, तर तेथे जोडी जमली आहे असे ओळखावे.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. 'पुट ऑन द शर्ट' आणि 'पुट द शर्ट ऑन' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण शर्टाच्या जागी 'इट' हे सर्वनाम आले, तर ते मध्येच बसवावे लागते: 'पुट इट ऑन.' 'पुट ऑन इट' असे म्हणत नाहीत. उलट 'लुक आफ्टर' ही जोडी कधी फुटत नाही. तेथे 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते. काही जोड्या पाहुण्याला मध्ये बसू देतात, काही देत नाहीत. कोणती जोडी कशी वागते, हे वाचनातून आणि सरावातून कळत जाते.

यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना एक साधी सवय लावतो. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखायचे: इंग्रजी, मराठी आणि उर्दू. नवे क्रियापद एकटे लिहायचे नाही, ते त्याच्या सोबत्यासह आणि एका लहान वाक्यासह लिहायचे. 'वेट' असे न लिहिता 'वेट फॉर द बस' असे लिहायचे. शेजारी मराठीत 'बसची वाट पाहणे' आणि उर्दूत 'बस का इंतजार करना' असे लिहायचे. एकाच ठिकाणी इंग्रजीत 'फॉर', मराठीत 'ची' आणि उर्दूत 'का' आला, हे डोळ्यांसमोर दिसले की एका भाषेचा सोबती दुसरीत नेण्याचा मोह होत नाही. दिवसाला दोन ओळी लिहिल्या, तरी महिन्याला साठ होतात.

मित्रांनो, तीन भाषांचे हे ओझे आपल्याच वाट्याला का आले, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मी याकडे निराळ्या नजरेने पाहतो. एकच भाषा बोलणाऱ्याला 'से' हा शब्द सात कामे करतो, हे कधी दिसतच नाही. कारण ती कामे निराळी करून दाखवणारी दुसरी भाषा त्याच्याजवळ नसते. तुमच्याजवळ ती आहे. ज्याने 'से'चे सात मराठी भाग करून पाहिले, त्याला 'लुक'चे चार इंग्रजी अर्थ जड जाणार नाहीत.

शेवटी 'लुक'च्याच दोन जोड्या सांगतो. 'लुक डाउन ऑन' म्हणजे एखाद्याला तुच्छ लेखणे आणि 'लुक अप टू' म्हणजे एखाद्याचा आदर करणे. घरची उर्दू असो, गावची मराठी असो की पुस्तकातली इंग्रजी असो, यांतील कोणत्याही भाषेच्या बाबतीत पहिली जोडी वापरण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये. आज घरी गेल्यावर 'टर्न' हे क्रियापद कोशात काढा. त्याच्याबरोबर 'ऑन', 'ऑफ', 'डाउन' आणि 'अप' हे चार सोबती काय काय करतात ते शोधा. मग तीन रकान्यांच्या पानावर पहिली ओळ लिहा. आणि या वेळी खरोखरच मनावर घ्या!